राजनष्ट

लढाईचा तो चौथा पावसाळा. आषाढ निम्मा सरला तरी पवनेला लाल पाणी आलं नव्हतं. एरवी या दिवसांत बेडशाच्या लेण्याचा डोंगर धुक्यात असा बुडालेला असायचा, की माणसानं अंदाजानंच तिकडं हात जोडावेत. यंदा तो सकाळ-संध्याकाळ उघडा. कडे काळे, पण कोरडे. राबातली भाताची रोपं वीतभर होऊन शेंड्याला पिवळी पडायला लागली होती. आणखी आठ दिवसांत लावणी झाली नाही तर ती कांडं धरणार, आणि कांडं धरलेलं रोप लावलं काय न् गुरांपुढं टाकलं काय, सारखंच.

"रतने, तुजं रोप म्हातारं झालं गं," बांधापलीकडून धोंडाबाई म्हणाली.

"तुजं काय तरनं हाये व्हय?"

"तरनं न्हाई. पर रोप म्हातारं झालं तर माज्या घरात नवरा तरी हाये."

रतनबाई पुन्हा रोपांकडं वळली. धोंडाबाईला तोडून चालणार नव्हतं. रतनबाईच्या गोठ्यात एक बैल होता आणि धोंडाबाईचा नवरा हौशीराम याच्याकडं एक. दोघांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाखाली जुंपायचे, आधी एकाचं खाचर चिखलायचं, मग दुसऱ्याचं. नवरा गेणू पलटणीत नाव घालून इंग्रजांच्या लढाईवर बसऱ्याला गेल्यापासून रतनबाईची शेती या सावडीच्या दोरीवर टांगलेली होती. आता घरात दुसरं माणूस म्हणजे सासरा दत्तोबा. हाडानं अजून टणक, पण दोन्ही कानांनी गेलेला. त्याला काही सांगायचं तर पुढ्यात उभं राहून, ओठ दाखवून, दोनदा सांगावं लागे. तिसरी बया, नऊ वर्षांची लेक. ती शाळेत जात होती.

पोरगी शाळेत घातली म्हणून वाडीनं रतनबाईला नावं ठेवली होती. पण तिला ती घालावीच लागली. गेणूचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते चावडीच्या ओट्यावर शाळेच्या मास्तरांनी सगळ्यांपुढं वाचलं. पलटणीतल्या मुनशीच्या अक्षरात गेणूनं लिहून घेतलं होतं, 'रतनला सांगणे, इकडे खजूर फार, पण तिच्या हातच्या नाचणीच्या भाकरीची सय येते.' भिमाजी पाटलानं मास्तरांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. माणसं मांड्या थोपटून हसली. त्या दिवसापासून रतनबाईचं नाव नाचणी पडलं. पाणोठ्यावर गेली की कुणीतरी म्हणे, "सरका गं, नाचणी आली, बसऱ्याहून सांगावा आलाय का बगा." नवऱ्यानं हजार कोसांवरून धाडलेली एक गोष्ट, तिच्या हातात पडायच्या आधी वाडीनं चघळून टाकली.

दुसरंही पत्र तसंच ओट्यावर वाचलं गेलं. मग तिनं बयाचा हात धरला आणि शाळेत नेऊन बसवलं. पुढचा कागद माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं, माझ्या लेकीच्या तोंडून वाचला जाईल, एवढं तिनं ठरवलं. बया आता दुसरीत होती. अक्षरावर बोट ठेवून, अडखळत का होईना, वाचत होती. आणि तिसरं पत्र काही येत नव्हतं. वर्ष उलटून गेलं होतं.

पाऊस येईस्तोवर रतनबाई जुनी इरली नीट करत बसली होती. कामट्यांच्या सांगाड्यात पळसाची पानं खोवायची, वरून दुसऱ्या कामट्या दाबायच्या. बया पानं पुढं करत होती आणि पाठांतर म्हणत होती. शाळेत नवाच हुकूम आला होता. रोज सकाळी सगळ्या पोरांनी ओळीनं उभं राहून शपथ म्हणायची.

"परमेश्वराला स्मरून मी प्रतिज्ञा करिते, की मी बादशहांशी सदैव राज… राजनि…" बया अडकली. "आये, निष्ठ म्हंजी काय?"

"आसा शबुद न्हाई."

"मास्तर म्हंत्यात की."

"मास्तर नाकात बोलतोय. नष्ट म्हनत आसंल." रतनबाईनं पान दातात धरून देठ तोडला आणि जरा विचार केला. "चार वरसं झाली, लढाई सरंना. म्हंजी राजाच्या मागं नष्टचर लागलंय. त्ये सरावं म्हनून लेकरांच्या तोंडून म्हनवून घेत्यात. लेकराची जीभ पवित्तर आसती. नीट म्हन, राजनष्ट."

"राजनष्ट राहीन," बया म्हणाली. आता ते तिच्या जिभेवर बसलं. "त्यांचे शत्रू ते माझे शत्रू."

लेकीच्या शाळेला आपलाही हात लागला, याचं रतनबाईला बरं वाटलं.

दत्तोबा उंबऱ्यात बसून दोघींचे ओठ बघत होता. "काय म्हंती पोर?"

रतनबाईनं समोर जाऊन दोनदा सांगितलं.

"शपथ?" म्हातारा म्हणाला. "कशापायी? काय चोरी झाली?"

"चोरी न्हाई मामा. रोज म्हनायची. हुकूम हाये."

"रोजची शपथ?" तो हसला नाही. "मी जल्मात एक डाव बेल-भंडारा उचलला. त्या खालच्या बांधासाटी. खरा व्हतो तरी सा म्हैने अंगावरचा काटा गेला न्हवता. रोज घ्यायची म्हंजी? कालची मोडली व्हय? आन पोराला जी कळत न्हाई ती शपथ घालायची, तर बैलाला का घालत न्हाईत?"

अंगणालगतच्या बांधावरून धोंडाबाईनं ऐकलं. "म्हनलं म्हनून काय जीभ झिजती का आबा? दोन सबूद म्हनायचं, पाटी उचलायची, घरला यायचं."

दत्तोबाला ते ऐकू गेलं नाही. पण त्याला उत्तर लागत नव्हतंच. "ल्योक दिला," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "आता नातीची जीभ."

चौथ्या रात्री पाऊस लागला. लागला तो असा, की उजाडेपर्यंत खाचरं तुंबली आणि बांधाबांधावर माणसं धावायला लागली. हौशीरामानं दोन्ही बैल जुंपले. सावडीत यंदा आधी पाळी त्याची होती. त्याचं खाचर दोन दिवसांत होणार, तिसऱ्या दिवशी रतनबाईचं. ती त्याच्या चिखलात गुडघाभर उभी राहून लावणी करत होती. पाठीवर इरलं, खाली डोकं, हातात रोपाची मूठ. वाकून वाकून कमरेत सुरी फिरल्यागत होत होतं. पण तिसरा दिवस आपला आहे या आशेवर हात चालत होता.

त्याच दिवशी तालुक्याहून साहेब शाळा बघायला आला. देशीच माणूस, पण बूट घातलेला. बरोबर भरतीचा सुभेदार. भिमाजी पाटील दोन दिवसांपासून पागोटं सावरत फिरत होता. वाडीतून पाच जण पलटणीत धाडले म्हणून त्याला सनद मिळायची होती.

बया दुपारीच घरी आली. खाचराच्या कडेला उभी राहिली, भिजत. रतनबाईनं मान वर केली. पोरीनं दोन्ही हात पोटाशी धरले होते, दुखऱ्या पिल्लासारखे.

"काय झालं गं?"

रतनबाई चिखलातून वर आली आणि तिनं पोरीचे हात उघडले. दोन्ही तळवे सुजून आंब्याच्या कोयीएवढे झाले होते. वर निळे पट्टे.

काय झालं ते संध्याकाळी धोंडाबाईनं सांगितलं, कारण तिचा पुतण्या शाळेत होता. पाटलानंच बयाला पुढं ढकललं होतं. 'ही आमच्या शिपायाची पोर, साहेब. हिच्या तोंडून ऐका.' बयानं हात खाली सोडून, मान ताठ करून, सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. मी बादशहांशी सदैव राजनष्ट राहीन. साहेबाची मान झटकन वर झाली. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी मोठ्यानं.

"मास्तरचा चेहरा चुन्यावानी झाला म्हनं," धोंडाबाई म्हणाली. "कुनी शिकिवलं, कुनी शिकिवलं, म्हनून छडी मारत व्हता. पर तुजी पोर दगडावानी. एक नाव घेतलं न्हाई. पाटलाची सनद गेली भाकरी थापायला. आता काय करतीस नाचणे?"

रतनबाई पोरीच्या हातांना हळद लावत होती. तिचा हात थांबला. "राजनष्ट म्हंजी काय गं धोंडा?"

"राजाचं वाटुळं."

चुलीत ओलं लाकूड धुमसत होतं. रतनबाईनं बयाकडं बघितलं. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली होती. आईचं नाव सांगायचं नाही, एवढं तिला कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रतनबाई शाळेत गेली. पाटील ओट्यावर बसला होता, मास्तर उभे होते. मास्तर पुण्याकडचे, बारीक अंगाचे, तिशीतच केस पिकलेले. रतनबाई ओट्याखाली पावसात उभी राहिली. वर ये असं कुणी म्हणालं नाही.

"चूक माजी," ती म्हणाली. "मीच तसं सांगितलं. मला तो शबुद ठावं न्हवता."

पाटील हसला. "नाचणीनं शास्त्र शिकिवलं. बघा मास्तर, तुमच्या जागी हिलाच बशिवतो."

"पाटील, बाईंना ठाऊक नव्हतं," मास्तर हळू म्हणाले. "हा चुकीचा उच्चार आहे, दुसरं काही नाही. मी साहेबांना तसं लिहितो."

"लिव्हा. शाळा बंद करा म्हनून उत्तर आलं तर मला दावा." पाटलानं पान थुंकलं. ते रतनबाईच्या पायाशी पडलं. "घरातनं आलं ना? मंग घरानंच फेडावं. आठ दिस रोज सकाळी पोर हितं ओट्यावर उभी राहून एकईस डाव म्हनंल. आन घरचं मोठं मानूस म्होरं हात जोडून. पोरांनी बगावं. न्हाईतर नाव काडा तिचं."

मास्तरांनी खाली बघितलं. "बाई, मलाही सक्तीच आहे," ते म्हणाले. "मला कुणी विचारलं नव्हतं, पोरांकडून म्हणवून घ्यायचं की नाही."

घरी आल्यावर दत्तोबानं सगळं ऐकलं, दोनदा. "मी न्हाई हुबा ऱ्हानार," तो म्हणाला. "पोर काड शाळंतनं. भात लावायला दोन हात व्हतील."

"मंग कागद कोन वाचंल?"

"वाचू दे मास्तरला. हसू दे वाडीला. हसून कुनाचं काय गेलं?"

"माजं गेलं," रतनबाई म्हणाली. एवढं सासऱ्यापुढं ती कधी बोलली नव्हती. त्याला ते पहिल्याच खेपेला कळलं.

तिसरा दिवस उजाडला. सावडीतला तिचा दिवस. पण हौशीराम बैल घेऊन आला नाही. तो आला तो मोकळ्या हातानं, आणि अंगणात न येता कडेला उभा राहिला.

"वहिनी, माजा बैल लंगडतोय."

बैल लंगडत नव्हता. सकाळीच तो पाटलाच्या खाचरात तुडवताना रतनबाईनं पाहिला होता.

"मी काय करू?" हौशीराम म्हणाला. "पाटलाच्या विहिरीवर आमचं पानी हाये." आणि तो निघून गेला.

मग ते आठ दिवस असे गेले. सकाळी मायलेकी शाळेपुढं. बया ओट्यावर, हात खाली सोडून. रतनबाई खाली, हात जोडून. सतरा-अठरा पोरं रांगेत, काही चिमटे काढत हसणारी. मास्तर म्हणत, "जीभ टाळूला लाव. निष्-ठ. पुन्हा म्हण." बया म्हणायची. "पुन्हा म्हण." पहिल्या दिवशी बाराव्या खेपेला तिचा आवाज फुटला. रतनबाईच्या पायांना कालचा चिखल वाळून भेगाळलेला असे, आणि ती त्या भेगांकडं बघत राही. एकवीस मोजायला मास्तर खडूनं फळ्यावर रेघा ओढत. पाचव्या दिवशी त्यांनी अठरालाच फळा पुसला. पाटील नव्हता. पण पोरं होती, आणि ती सांगतील म्हणून त्यांनी पुन्हा तीन रेघा ओढल्या.

तिथून परत आल्यावर खाचर. एका बैलानं चिखलणी होत नाही. दत्तोबा, रतनबाई आणि बया तिघं ओळीनं हात धरून उभे राहत आणि पायांनी चिखल तुडवत. दोन पावलं पुढं, एक मागं. ढेकळं पायाखाली सरकत, खालची कठीण जमीन तशीच राही. दत्तोबाच्या पिंढऱ्यांत गोळे येत. मग तो बांधावर बसून दोन्ही हातांनी पाय चोळे आणि पुन्हा उतरे. बया तुडवता तुडवता तोंडानं काहीतरी पुटपुटे. रतनबाईनं कान दिला तर ती तेच म्हणत होती. राजनिष्ठ, राजनिष्ठ. पाय पडला की निष्, दुसरा पडला की ठ.

"आता इथं तरी नको म्हनू."

"तोंडातनं जातच न्हाई आये."

लावणी झाली तेव्हा रोपांनी कांडं धरलं होतं. लावलं ते उभं राहिलं, पण फुटवा आला नाही. शेजारी हौशीरामाचं भात हातभर दाट आणि यांचं रोडकं, विरळ, जागोजाग पाण्याचा आरसा दिसणारं. बयाचं नाव मात्र शाळेत राहिलं. नवव्या दिवशी ती रांगेत उभी राहिली आणि मास्तरांनी तिला पुढं बोलावलं. आता सगळ्यांच्या आधी तिनं म्हणायचं आणि मागून बाकीच्यांनी. उच्चार तिचाच सगळ्यांत शुद्ध होता.

भाद्रपदात पाऊस पार गेला. खाचरांत भेगा पडल्या. रतनबाई आणि दत्तोबा जे काही भात होतं त्यातलं गवत काढत होते. बया सुट्टी म्हणून बांधावर बसून उपटलेल्या गवताचे भारे करत होती. ताजुद्दीन टपालवाला बांधाबांधानं येताना दिसला. कामशेतहून रोज चालत यायचा. कमरेला वाकलेला, पिशवी पुढं धरलेली. रतनबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि हात पदराला पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले.

"ताजूभाई, आमचं हाये का?"

"हाये," तो म्हणाला. एरवी तो लांबूनच ओरडायचा, 'रतनबाई, बसऱ्याची हवा आली.' आज तो जवळ येईपर्यंत काहीच बोलला नाही. त्यानं पाकीट काढलं, पण हातातून सोडलं नाही. पाकीट नवंकोरं, कडक, वर छापलेलं. मुनशीचं वाकडं अक्षर कुठं दिसत नव्हतं. "बाई, आसं करा. मास्तरांकडनं वाचून घ्या. चला, मी बी येतो संगट."

"कशाला?" रतनबाई म्हणाली. तिच्या आवाजात वर्षभराचा आनंद होता. "आता आमच्या घरात वाचनारं मानूस हाये. बया, हिकडं ये."

"लेकरू हाये बाई."

"लेकरू हाये म्हनून काय? शाळंत सगळ्यांच्या आधी तीच म्हनती. द्या हिकडं."

ताजुद्दीननं पाकीट दिलं. पण तो गेला नाही. टोपी काढून हातात घेऊन तो बांधाच्या टोकाला उभा राहिला. रतनबाईला वाटलं, म्हातारा दमला असेल.

दत्तोबा चिखलाच्या भेगांतून पाय उचलत आला आणि नातीच्या पुढ्यात बसला, तिचे ओठ दिसतील असा. रतनबाई बयाच्या मागं उभी राहिली. कागद तिला दिसत होता. काळ्या ओळी, मधेच शाईनं भरलेली जागा. चूल नव्हती पुढ्यात, पण शेत स्वतःचं होतं. आणि वाडीतलं कुणी नव्हतं.

बयानं बोट ठेवलं.

"क-ळ-वि-ण्या-त… कळविण्यात… ये-ते… की…" ती घाम पुसायला थांबली. "आ-प-ला…" आणि मग तिचं बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि ती न अडखळता, एका दमात, टाळूला जीभ लावून म्हणाली, "राजनिष्ठ." तिनं वळून आईकडं बघितलं. आई हसली. "राजनिष्ठ शि-पा-ई, गे-णू… बाचं नाव आये… गेणू दत्तोबा… ब-स-ऱ्या-च्या… मु-ल-खा-त… ल-ढा-ई-त… का-मी… कामी आ-ला."

खालची ओळ अगदी बारीक छापाची होती. ती तिला जमली नाही. तिनं कागद उलटा करून बघितला. मागं काही नव्हतं.

"कामी आला," तिनं पुन्हा म्हटलं. "आये, म्हंजी त्येचं काम झालं का? आता घरला यील?"

रतनबाईच्या हातातली गवताची मूठ खाली पडली नव्हती. ती तिनं तशीच धरली होती, मुळ्यांना लागलेल्या कोरड्या मातीसकट. बांधाच्या टोकाला ताजुद्दीन पाठ करून उभा होता. एवढं तिला दिसलं. आणि मग पाठ करून तो का उभा आहे ते कळलं. कामी येणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. हा शब्द या मुलखात कुणालाच शिकवावा लागत नाही.

"आये, बरोबर वाचलं न्हवं? एकबी चुकलं न्हाई न्हवं?"

"न्हाई," रतनबाई म्हणाली. "एकबी न्हाई."

दत्तोबा दोघींकडं बघत होता. नातीचे ओठ हलले होते, पण मान कागदात होती. त्याला नीट लागलं नव्हतं. त्यानं हात कानामागं धरला आणि थोडा पुढं सरकला.

"काय लिवलंय?" तो म्हणाला. "गेणू काय म्हंतो? पोरी, मान वर कर. पुन्यांदा वाच. मोठ्यानं."

रतनबाईचा हात कागदाकडं गेला, पण मूठ गवतानं भरलेली होती.

बया उभी राहिली. तिनं पाय जोडले, मान ताठ केली, कागद दोन्ही हातांत समोर धरला, शाळेत उभी राहायची तशी. आणि आजोबाला ऐकू जावं म्हणून, उघड्या खाचरांत पलीकडच्या बांधापर्यंत पोचेल अशा आवाजात, पहिल्या अक्षरापासून तिनं पुन्हा वाचायला सुरुवात केली.